बाळोत्यांचं धुणं

दशलक्षण पर्वात दुपारी आमचा बायकांचा स्वाध्याय असतो. इतकी वर्षं बघत आले आहे, पाच समित्यांचा विषय निघाला की ईर्या समितीवर तासभर बोलणं होतं. चार हात जमीन बघून चालावं, पायाखाली मुंगी येऊ देऊ नये. भाषा समितीवर तर सगळ्याच बोलतात, कारण प्रत्येकीला कुणाची तरी जीभ आठवत असते. एषणा म्हणजे आहार, तो आपलाच प्रांत. आदान-निक्षेपण म्हणजे वस्तू उचलता-ठेवताना घ्यायची काळजी, तेही समजतं. आणि पाचवी? उत्सर्ग समिती, तिलाच प्रतिष्ठापन समिती असंही म्हणतात. तिचं नाव आलं की वाचणारी घाईनं पान उलटते. मलमूत्र कुठं आणि कसं टाकावं याचा तो नियम. त्यावर चारचौघींत काय बोलायचं? शिवाय नियम मुनींसाठी, आपण पडलो संसारी.

मला मात्र वाटतं, या समितीशी घरात तान्हं मूल असलेल्या बाईचा जेवढा संबंध येतो तेवढा दुसऱ्या कुणाचा येत नाही. पहिले दोन-तीन महिने मूल दिवसातून दहा-बारा वेळा ओलं करतं. दर वेळी प्रश्न तोच: हे आता कुठं जाणार, आणि कुणाच्या हातानं जाणार?

वट्टकेराचार्यांच्या 'मूलाचार' ग्रंथात त्या जागेच्या अटी दिल्या आहेत. जागा एकांतातली हवी. अचित्त हवी, म्हणजे तिथं जीवजंतू नकोत. दूर हवी, आडोशाची हवी, ऐसपैस हवी. आणि आणखी एक अट अशी, की त्या जागेला कुणाचा विरोध नसावा. ही विरोधाची अट मी कितीतरी वर्षं नुसतीच वाचत होते. नात झाली तेव्हा ती पहिल्यांदा घरात येऊन बसली.

मुलगा आणि सून पेडण्यात राहतात, मी डिचोलीला. सुनेचं बाळंतपण ऐन पावसाळ्यात, जूनच्या शेवटी. सिझेरियन झालेलं. तिच्या ऑफिसातल्या मैत्रिणींनी डायपरची दोन मोठी पाकिटं भेट म्हणून आणली होती. ती कपाटावर दिसली मात्र, आणि सांगलीहून आलेल्या माझ्या वन्संनी तोंड वाकडं केलं. "आपल्यात हे चालत नाही हो. कापडाची बाळोती असताना हे प्लास्टिक कशाला? किती जीवहिंसा!" सून काही बोलली नाही. रात्री मला म्हणाली, "आई, खरंच सांगा. धर्माप्रमाणे यातलं काय बरोबर? मी वाद घालत नाही, मला खरंच कळत नाहीये."

आमच्याकडे असले प्रश्न विचारायला जवळपास कुणी नाही. डिचोली तालुक्यात कुडण्याला, नार्व्याला जुन्या जैन बस्तींचे अवशेष आहेत, कदंबांच्या काळातले म्हणतात. कुडण्याच्या पडक्या देवळाला लोक 'गुजीर' म्हणून ओळखतात. म्हणजे एके काळी इथं आपली माणसं बरीच असावीत. आज हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी घरं. त्यामुळं उत्तर आमचं आम्हालाच शोधावं लागलं.

आधी डायपरचंच बघू. कारखान्यात तयार होणारे, एकदा वापरून टाकायचे डायपर जगभर पोचले ते १९६१ साली अमेरिकेत 'पॅम्पर्स' निघाल्यानंतर. आत लाकडाचा लगदा असतो, आणि एक रासायनिक भुकटी, जी स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी शोषून त्याची जेली करते. ती भुकटी खनिज तेलापासून बनते, बाहेरचं आवरणही प्लास्टिकच. बाळ कोरडं राहतं हे खरं आहे. रात्रीची झोप मिळते हेही खरं. ज्या बाईनं सहा-सहा रात्री जागून काढल्या आहेत तिला या झोपेची किंमत सांगायला नको.

तुम्हाला ती साधूच्या लंगोटीची गोष्ट आठवत असेल. साधूकडं एकच लंगोटी. ती उंदरानं कुरतडली म्हणून त्यानं मांजर पाळलं, मांजराला दूध हवं म्हणून गाय घेतली, गायीला चारा हवा म्हणून शेत, शेत बघायला माणूस, आणि शेवटी संसार. आपल्याकडं ऐलकाजवळ शेवटी एक लंगोटीच उरते. तीही सोडली की मुनी. आणि जन्मलेल्या बाळाला या जगातला पहिला परिग्रह म्हणून आपण काय देतो? लंगोटच. म्हणून मला ही गोष्ट लहान मुलांची वाटत नाही. बाळाचं बूड कोरडं राहावं एवढ्यासाठी तेलाची विहीर, झाडं, कारखाना, ट्रक, दुकान, काळी पिशवी, कचऱ्याची गाडी, आणि त्या गाडीसाठी सरकारी नियम. दिवसाला सहा डायपर धरले तरी दोन वर्षांत चार हजारांवर होतात. एका मुलाचे.

आता 'मूलाचारा'तल्या अटी लावून बघू. जागा दूर हवी, आडोशाची हवी. या दोन्हींत डायपर अगदी पास. गुंडाळला, पिशवीत टाकला, सकाळी गाडी घेऊन गेली. आपल्या डोळ्यांआड, आपल्या घरापासून लांब. खरं म्हणजे तो विकला जातो तो याच दोन गुणांवर. पण अचित्त? ओलसर, बंद, अंधारी, ऊब धरून राहिलेली घडी. मलमूत्रात संमूर्च्छिम जीव उत्पन्न होतात असं आपण लहानपणापासून ऐकतो. ओलं उघड्यावर पातळ पसरून लवकर वाळावं, यातलं शहाणपण त्या धारणेतूनच आलंय. डायपर करतो बरोबर उलटं. वाळू देत नाही, मोकळं होऊ देत नाही, आणि त्याचं प्लास्टिक आपल्या नातवंडांच्या नातवंडांनंतरही मातीत असेल.

आणि ती विरोधाची अट. गोव्यात राहणाऱ्या माणसाला ती वेगळी समजावून सांगावी लागत नाही. साळगावला २०१६ साली कचऱ्याचा मोठा प्रकल्प सुरू झाला. जुन्या गोव्याजवळ बायंगिणीला दुसरा करायचा विषय निघाला, तर तिथले लोक वर्षानुवर्षं नको म्हणत आहेत. मी त्यांना दोष देत नाही. माझ्या दारात कुणी आणून टाकला तर मीही उभी राहीन. पण मग माझ्या नातीच्या डायपरला कुणाचा विरोध नाही अशी जागा गोव्याच्या नकाशावर कुठं आहे? जिचा विरोध कुणाला ऐकू जात नाही अशी जागा तेवढी सापडते, आणि त्या दोन्ही गोष्टी एक नाहीत.

२०१६ च्याच घनकचरा नियमांत वापरलेल्या डायपरांचा वेगळा उल्लेख आहे. ते नीट गुंडाळून द्यावेत, गुंडाळायला पिशवी उत्पादकानं पुरवावी, असं त्यात म्हटलंय. नियम कागदावर चांगला आहे. प्रत्यक्षात पंचायतीच्या शेडमध्ये सुका कचरा निवडायला बसलेल्या बायका बघा. बाटल्या एका बाजूला, पुठ्ठे एका बाजूला, आणि मधूनच हातात येतं ते. हातमोजे असतात, नसतात. आमच्या घरातला वास आमच्या घरातून गेला, म्हणजे नाहीसा झाला असं नाही. तो त्या बाईच्या नाकाशी गेला. तिलाही घरी लेकरू असेल.

इथवर वाचून वन्संसारख्या कुणी मान डोलावत असतील, तर त्यांना म्हणते, जरा थांबा. बाळोत्यांची बाजूही तपासायची आहे, आणि ती तुम्हाला वाटते तेवढी सोपी नाही.

बाळोतं म्हणजे काय, तर एक साधा चौकोनी तुकडा. पाऊण हात ते हातभर नव्हे. मापात सांगायचं तर सत्तर सेंटिमीटर लांब, तेवढाच रुंद, एकपदरी. हल्ली दुकानात आतून पाच-सात थर शिवलेले, बटणं लावलेले, हत्ती-जिराफांची चित्रं असलेले कापडी डायपर मिळतात. दिसायला गोड. पण ते जाड शिवलेले थर गोव्याच्या जुलैत दोन-दोन दिवस वाळत नाहीत आणि मग आंबूस वास मारतात. एकपदरी तुकड्याचं बरं असतं. वापरताना घडी घालून हवा तेवढा जाड करायचा, धुताना उलगडला की पुन्हा एकच पदर. कुठं घाण दडून बसत नाही आणि वाराही आरपार जातो.

कापड सुतीच हवं. जुनं धुवट धोतर किंवा जुनी नऊवारी यासारखं दुसरं काही नाही. एका नऊवारीतून काठ काढून टाकले तर दहा-बारा तुकडे निघतात, उरलेल्या पट्ट्या आत घालायला होतात. नवीन घ्यायचं तर मलमल. मांजरपाट कडक पडतो. नव्या कापडातली खळ जाईपर्यंत चार-पाचदा धुतल्याशिवाय ते पाणी धरत नाही, हे माहीत नसल्यानं पुष्कळ जणी पहिल्याच दिवशी वैतागून सोडून देतात. धुताना ते सुगंधी कंडिशनर अजिबात घालू नये. त्यानं धाग्यावर थर बसतो, मग कापड शोषत नाही आणि बाळाच्या कातडीलाही ते बरं नाही. चोवीस तुकडे असले की एका बाळाचं निभतं, पावसाळ्यात तीस-बत्तीस.

अगदी तान्ह्याला नुसती तिकोनी घडी पुरते. तीनेक महिन्यांनंतर चौघडी करायची, वरच्या पदराचं एक टोक ओढून त्याचा त्रिकोण करायचा, सगळं उलटं करून राहिलेल्या चौकोनाची मधोमध जाड पट्टी वळायची. हे लिहून सांगायला अवघड आणि करायला अगदी सोपं. दोनदा कुणाकडून बघून घ्यावं. माझ्या सुनेला माझ्यापेक्षा लवकर जमलं. वरून घट्ट प्लास्टिकची चड्डी मात्र सतत ठेवू नये, आतली कातडी शिजते. घरात असताना मोकळं राहू द्यावं, खाली मेणकापड घालावं.

आणि जुन्या बायका करायच्या ते करून बघावं. बाळाला पायांवर धरून 'शूऽऽ' म्हणत बसायचं, झोपून उठल्यावर, दूध प्यायल्यावर. मुलाच्या तोंडाकडं लक्ष असलं की अर्धी बाळोती वाचतात. यत्नाचार म्हणतात तो याहून वेगळा काय असतो?

धुण्याचंही तसंच. शी असेल तर ती आधी तांब्याभर पाण्यानं संडासात सोडावी, मग बाळोतं धुवावं. रात्रभर बादलीत भिजवून ठेवू नये. डॉक्टर सांगतात ते जंतूंमुळं, शास्त्र सांगतं ते जीवांमुळं, बादली एकच. लगेच धुवून कडक उन्हात टाकलं की पिवळे डागही जातात.

ऊन असलं तर. गोव्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि तो जवळपास सगळा चार महिन्यांत. डिचोलीतली आमची शेजारीण म्हणते, "बाय, पावसांत फडकीं सुकनात." तिच्या सासूच्या काळी निखाऱ्याच्या शेगडीवर बांबूची टोपली उपडी घालून त्यावर बाळोती पसरत. कोरडी होत, ऊबदारही होत, पण धुराचा वास आणि ठिणगीची धास्ती. आता पंखा, इस्त्री. म्हणजे वीज. बाळंतिणीच्या खोलीत दोऱ्यांवर दोऱ्या, आणि त्या सगळ्यांतून ठिबकणारा ओलावा.

डिचोलीच्या उन्हाचीही माझी वेगळी आठवण आहे. माझा मुलगा १९९१ सालचा. तेव्हा या पट्ट्यात खाणी जोरात होत्या, रस्त्यानं खनिजाच्या ट्रकांची रांग लागलेली असे. पांढरीशुभ्र धुतलेली बाळोती सकाळी दोरीवर टाकावीत आणि दुपारी काढायला जावं तर ती फिकट लाल. झटकली तरी जात नसे. पुन्हा धुवायची, पुन्हा तेवढंच पाणी. २०१२ साली खाणी बंद झाल्यावर, कुणाची रोजीरोटी गेली हे दिसत असतानाही, दोरीवरचं कापड पांढरं राहिलेलं बघून मला बरं वाटलं होतं. लोकांचे हाल चाललेले असताना हे बरं वाटणं योग्य की अयोग्य, हा पुन्हा वेगळा लेख.

पेडण्यात धुळीपेक्षा पाण्याची कटकट. चांदेलच्या प्रकल्पातून येणारं पाणी कधी दोन दिवस येतच नाही. तिळारीचा कालवा फुटला, वीज गेली, पंप बिघडला, काहीतरी होतंच. टाकीत असेल तेवढ्यात स्वयंपाक, आंघोळी आणि बाळोती. बाहेर धो धो पाऊस आणि नळ कोरडा, असं आम्ही जुलैत बघितलं. मुलानं पागोळ्यांखाली पिंप लावलं आणि बाळोत्यांचं पहिलं पाणी त्यातून भागवलं.

पाण्याचा प्रश्न आपल्याला नुसता टंचाईचा नसतो. पाणी हाच अप्कायिक जीवांचा देह, असं मानणारे आपण. पाणी गाळून घेणारे, गाळलेलं ४८ मिनिटांनी पुन्हा गाळणारे. मग दिवसाला दहा बाळोत्यांसाठी पाच-सहा बादल्या पाणी, त्यात साबण, तो जाणार गटारात. ही हिंसा नाही का? आहे. वन्संना मी हेच विचारलं. बाळोतं म्हणजे अहिंसा आणि डायपर म्हणजे हिंसा, अशी विभागणी आपल्या शास्त्राला मान्य होणारी नाही. घरकामात होते ती आरंभी हिंसा, ती गृहस्थाला टळत नाही, ती कमीत कमी व्हावी म्हणून जपायचं एवढंच त्याच्या हातात.

गंमत म्हणजे इंग्लंडच्या पर्यावरण खात्यानं २००५ साली आणि पुन्हा २००८ साली याचा हिशेब मांडला, तोही जवळपास याच ठिकाणी येऊन थांबला. अडीच वर्षांत एका मुलामागं डायपरमुळं हवेत जाणारा कार्बन साधारण ५५० किलो, आणि कापडी लंगोटांमुळं ५७०. म्हणजे कापड चांगलं, हा समज सरसकट खरा ठरला नाही. फरक पडत होता तो धुण्याच्या पद्धतीनं. मशीन पूर्ण भरूनच लावणं, यंत्रात न वाळवता दोरीवर वाळवणं, आणि तेच लंगोट दुसऱ्या मुलाला वापरणं, असं केलं तर कापडाचा भार चाळीस टक्क्यांनी खाली येतो. उलट फार गरम पाण्यात धुवून यंत्रात वाळवले तर तो डायपरच्याही वर जातो. आपल्याकडं दोरी आहे, आठ महिने ऊन आहे, आणि धाकट्याला थोरल्याचं घालायची पद्धत अजून पुरती मेलेली नाही. आपला आकडा त्यांच्यापेक्षा बरा येईल असं मला वाटतं. पण तो कापडाच्या पुण्याईनं येणार नाही, वापरणाराच्या काळजीनं येईल.

आणि वापरणारा कोण? खरा गुंता इथं आहे. वन्सं "आमच्या वेळी" म्हणतात तेव्हा मला त्यांच्या वेळचं घर आठवतं. सांगलीजवळच्या खेड्यातला वाडा, सासू, दोन जावा, एक विधवा आत्या. बाळोती विहिरीवर न्यायला रोज एक बाई यायची. बाळंतीण चाळीस दिवस शेकशेगडीशी. बाळोती कोण धुतं हा प्रश्नच वन्संना कधी पडला नाही, कारण त्यांनी ती धुतलीच नव्हती. त्या बाईला त्याचे किती मिळायचे, विचारलं तर त्यांना आठवत नाही. "वर्षाचं धान्य देत होतो की," म्हणाल्या.

पेडण्याच्या फ्लॅटमध्ये सून एकटी. टाके ओले, वाकायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलेलं. मुलाला रजा मिळाली ती आठवडाभर. कायद्यानं आईला २०१७ पासून २६ आठवडे रजा आहे. खासगी नोकरीतल्या बापाला कायद्यानं एक दिवससुद्धा नाही. अशा मुलीला "आपल्यात डायपर चालत नाही" असं सांगून आपण सांगलीची बस धरायची, तर मग व्रत घेतलं कुणी आणि पाळायचं कुणी?

आपल्याकडं पाप-पुण्य मोजताना कृत, कारित आणि अनुमोदना अशी तिन्ही खाती धरतात. स्वतः केलेलं, दुसऱ्याकडून करवलेलं, दुसरा करत असताना मनानं होकार दिलेलं. डायपरमध्ये करवलेलं फार असतं, हे वर आलंच. कचरा निवडणाऱ्या बाईपर्यंत ते पोचतं. पण घरकामाला येणाऱ्या बाईच्या हातात बाळोत्यांची बादली देऊन आपण पर्यावरण राखलं असं म्हणणं, हेही करवलेलंच. फक्त ही बाई आपल्या दारातून आत येते, आणि ती बाई लांब शेडमध्ये बसते. आणि ओल्या बाळंतिणीला न वाकण्याच्या दिवसांत मोरीवर बसवून तिच्या अंगावर जो ताण टाकतो, तो कुठल्या खात्यात लिहायचा? हिंसेची सुरुवात पंचेंद्रिय जीवापासून मोजायला काय हरकत आहे? अप्कायिकांची चिंता करणाऱ्या माणसाला समोर बसलेली रडवेली सून दिसू नये, हे मला समजत नाही.

हे सगळं मी वन्संना एवढ्या शब्दांत बोलले नाही. म्हटलं, "वन्सं, तुम्ही महिनाभर राहा. बाळोतीच वापरू. तुम्ही धुवा, मी वाळत घालते." त्या चार दिवसांनी गेल्या. कामं होती. मी त्यांना कमी लेखत नाही. सत्तरी उलटलेल्या बाईनं मोरीवर बसावं असं मलाही वाटत नाही. पण जिला धुवायचं नाही तिनं निवडू नये, एवढं मी स्वतःपुरतं ठरवून टाकलं.

मग सुनेला सांगितलं, तू विचारलंस म्हणून सांगते. धर्म डायपरलाही नाही म्हणत नाही आणि बाळोत्यालाही हो म्हणत नाही. तो विचारतो, तू टाकलंस ते कुठं पडलं ते बघितलंस का, आणि कुणाच्या अंगावर पडलं. हे बघून जे झेपेल ते कर. झेपत नसेल तर डायपर वापर, गुंडाळून दे, वर तांबड्या पेनानं खूण कर, म्हणजे निवडणारीला उघडून बघावं लागणार नाही. आणि त्यात ओशाळायचं काही नाही.

तिनं दोन दिवस विचार केला आणि नवऱ्याला विचारलं. हे मला आवडलं. मला विचारून तिनं बाळोती निवडली असती तर ती माझी बाळोती झाली असती. त्या दोघांनी ठरवलं ते असं: पहिले सहा आठवडे रात्री डायपर, दिवसा बाळोती. धुणं मुलाचं, सकाळी कामावर जायच्या आधी एक खेप, आल्यावर एक. घरकामाच्या बाईला त्यातलं काही द्यायचं नाही. सरी जोरात असतील, नळ बंद असेल, दवाखान्यात जायचं असेल, तर हिशेब न करता डायपर. मी होते तोवर घड्या माझ्याकडं.

मुलगा मोरीवर बसलेला बघून समोरच्या आजी हसल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनीच खिडकीतून सांगितलं, पिळताना असं नाही, उभं धरून पीळ, कापड लवकर फाटणार नाही. बापाचा फायदा एवढाच झाला नाही. शी कधी पातळ, कधी हिरवट, कधी दोन दिवस नाही, हे घरात सगळ्यांत आधी त्याला कळायला लागलं. डॉक्टरांकडं गेल्यावर त्यांनी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं तोच देत होता, सून शेजारी बसून ऐकत होती. आमच्या पिढीतल्या किती बापांना ही उत्तरं देता आली असती? त्यांची मुलं कोरडी, स्वच्छ होऊन त्यांच्या मांडीवर येत. पाचवी समिती त्यांच्या वाट्याला आलीच नाही.

रात्रीचे डायपर दिवाळीपर्यंत चालू राहिले. सहा आठवड्यांवर थांबवायचं ठरलं होतं, पण सून पुन्हा कामाला लागायच्या तयारीत होती आणि झोप हवी होती. मी त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. दिवाळीनंतर ऊन पडलं, हवा कोरडी झाली, तेव्हा एक-एक रात्र करत तीही बाळोत्यांवर आली. चार हजारांच्या जागी किती झाले, ते मुलानं पाकिटांवरून मोजलं: साडेतीनशेच्या आत. सूनबाई म्हणाली, "आई, साडेतीनशे तर झालेच ना." मी म्हटलं, झाले. ते कुठंतरी आहेत.

आता नात दीड वर्षाची आहे, सांगून बसते. गेल्या महिन्यात डिचोलीतल्या त्या शेजारणीच्या लेकीला दिवस गेलेत म्हणून कळलं. मी तुकडे काढून मोजले. बत्तीस होते, एकोणतीस भरले. दोन मुलानं स्कूटर पुसायला घेतलेत आणि एकाचा पत्ता नाही. उकळत्या पाण्यातून काढून, उन्हात घालून, इस्त्री करून ठेवलेत. वन्संचा फोन आला होता, त्यांना सांगितलं. म्हणाल्या, "दुसऱ्यांना का देतेस? आपल्या धाकटीला होतील की." आपली धाकटी पुण्यात, तिला दोघंही नोकरीवाले. मी विचारलं, "धुणार कोण?" पलीकडून जरा वेळ काही आवाज आला नाही. मग म्हणाल्या, "जावयांना विचारून सांगते."